जरा खाली वाकवलेला आरसा

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीतला आरसा आहे; आत, पुढच्या काचेला चिकटवलेला. कारखान्यात मला एकच काम नेमून दिलं होतं: मागून येणारा ट्रक दाखवायचा. पुढचं मला विचारू नका, त्यात मला गती नाही.

काही वर्षं मी इमानाने ट्रक दाखवले. मग घरात छकुली आली, मागे तिची छोटी खुर्ची बसली आणि तिच्या आईने मला खाली वाकवलं. तेव्हापासून ट्रकऐवजी मला छकुलीचं नाक दिसतं. बाबा गाडीत बसले की मला वर करत.

"अगं, मागून कोणी ठोकलं तर?"

"ठोकणारा हॉर्न तरी वाजवेल. ही वाजवत नाही," असं म्हणून आई मला पुन्हा खाली करी. काळजीने माझा सांधा सैल झाला तो तेव्हापासून.

पण काय गप्पा चालत दोघींच्या! आई माझ्यातून बघून विचारी, "गाल का फुगलेत? राग आलाय की वाईट वाटतंय?"

"थोडा राग, थोडी भूक."

"आणि तू जिला ढकललंस, तिला काय वाटलं असेल गं?"

"तिला पण भूकच लागली असेल."

मग शाळेतल्या बाईंनी आईला सांगितलं, "मुलगी मागे पडतेय. घरीसुद्धा शाळेचीच भाषा बोला." आई हादरली. दुसऱ्या दिवसापासून घरची भाषा बंद. आता आईची नोकरी फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकण्याची. शाळेची भाषा ती तिथेच शिकली, आणि तेवढीच शिकली. त्यामुळे छकुली रडवेली झाली की आई त्या भाषेत म्हणे (तुम्हाला मराठीत सांगतो), "आपली अडचण आम्ही समजू शकतो. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

छकुली म्हणे, "धन्यवाद." विषय संपला.

बाई खूश झाल्या. मी मात्र धास्तावलो. कारण शाळेचं फाटक जवळ आलं की रोज छकुलीची हनुवटी थरथरायची. आईलाही ते दिसायचं. ती विचारायची, "सर्व ठीक?" उत्तर यायचं, "ठीक." मित्रांनो, मला तोंड नाही. मी नुसतं दाखवू शकतो.

एका सकाळी आई त्या हनुवटीकडेच बघत राहिली आणि पुढचा ट्रक थांबला. पुढचा! म्हणजे माझ्या खात्यातला नव्हे. करकचून ब्रेक लागला, वीतभर अंतर राहिलं, आणि मी सुटून आईच्या मांडीवर पडलो. कोपऱ्याला तडा गेला.

"बाई गं! मेले घाबरून!" आई ओरडली. घरच्या भाषेत.

मागून बारीक आवाज आला, "आई, तू पण घाबरतेस?"

"घाबरते तर! पोटात गोळा आला बघ."

"मला पण येतो. रोज. फाटकाजवळ."

आईने गाडी कडेला घेतली आणि माझ्याविना, सरळ मागे वळून पाहिलं. "कशाची गं भीती वाटते, चिमणे?"

"ती भाषा तू परक्या लोकांशी बोलायचीस. आता माझ्याशी पण बोलतेस. मला वाटलं, तू मला शाळेलाच देऊन टाकणार."

यावर आईने क्षमस्व म्हटलं नाही. ती मागच्या सीटवर जाऊन छकुलीला घट्ट धरून बसली. शाळेला चांगला उशीर झाला. बाईंना तिने एवढंच सांगितलं, "तुमची भाषा तुम्ही शिकवा, बाई. हिच्या मनातलं मी आमच्याच भाषेत विचारणार."

आता मी चिकटपट्टीवर लटकतो. बाबा नवा आरसा आणणार म्हणतात. आणू देत. माझी एकच विनंती आहे: त्यालाही जरा खाली वाकवा. आणि मित्रांनो, हनुवटी थरथरताना दिसली, तर आधी गाडी कडेला घ्या.