काळ्या केसांची मुलगी

लग्न ठरताना रिद्धीने एकच हट्ट धरला होता, केस सरळ करणार नाही. नवऱ्या मुलाची, संयमची थोरली बहीण नीलम हिला मात्र ते कुरळे केस फोटोत झुडपासारखे दिसतील अशी धास्ती होती. शेवटी तोड निघाली ती रंगावर. वळणं राहू देत, पण साखरपुड्याला केस मधाच्या रंगाचे हवेत. म्हणून त्या दुपारी नारायणगावात कौसरच्या पार्लरमध्ये तिघी आल्या, रिद्धी, तिची आई कस्तुरबाई आणि मंचरहून मुद्दाम आलेली नीलम.

कौसर रिद्धीला लहानपणापासून ओळखत होती. कुरळ्या केसांना कोरडा कंगवा लावायचा नाही, ओले असतानाच बोटांनी सोडवायचे, हे तिनेच शिकवलेलं. असा केस मुळातच रुक्ष, त्याला रंग उतरवायचं औषध सौम्य लागतं आणि घाई चालत नाही, असं तिने समजावून सांगितलं. मग विचारलं, आधी काही लावलंय का?

"छे. उपजतच काळेभोर आहेत," कस्तुरबाई म्हणाल्या.

रिद्धी आरशात बघत राहिली. शाळेत असतानाच तिचे कपाळावरचे केस पिकले होते. तेव्हापासून आई मागच्या खोलीचं दार लावून तिच्या डोक्याला जुन्नरच्या बाजारातली काळी मेंदी थापत आली होती. पोरीचे केस पांढरे म्हटल्यावर घरातच काही खोट असणार, स्थळ दारातून परत जाणार, हे कस्तुरबाईंच्या मनात घट्ट बसलं होतं. रिद्धीच्याही.

कौसरने मानेमागची एक बारीक बट कापून औषधात बुडवली. वाटी हाताला गरम लागायला लागली. बट चिमटीत धरली तर ती ओल्या शेवईसारखी तुटली.

"भाभी, ह्यात काळी मेंदी हाय," कौसर हळूच म्हणाली. "त्यातलं केमिकल आन् हे औषध एकत्र आलं की केस जळतो. नका करू. हाय तशीच लई गोड दिसती पोरगी."

नीलमने मोबाइल खाली ठेवला. "मेंदी कशाला लावतात हो? पांढरे झाकायला ना?" ती गोड हसली. "आणि लावलीच नसेल तर घाबरायचं काय? करा ना रंग."

आपण हात लावणार नाही, असं सांगून कौसरने वाटी बाजूला सारली. कस्तुरबाईंनी लेकीकडे पाहिलं. आता एक शब्द बोलायचा, आणि केस वाचले असते. स्थळ गेलं असतं.

"मम्मी, तूच लाव," रिद्धी म्हणाली.

कस्तुरबाईंनी पदर खोचला. हात सरावाचा, एकही बट सुटली नाही. टाळू आधी कोमट झाली, मग भाजायला लागली. जळजळत नाही ना गं, असं नीलम मधूनमधून प्रेमाने विचारी, आणि रिद्धी मान हलवून नाही म्हणे. शेवटी कौसरनेच तिला दंडाला धरून बेसिनपाशी ओढलं. पाणी पडलं तसे केस कौसरच्या हातात आले. वळणं होती तशीच होती, फक्त डोक्यावर नव्हती.

"आम्ही बघायला आलो तेव्हाच मला भांगात पांढरं दिसलं होतं," नीलम पर्स खांद्याला लावत म्हणाली. "आमचा संयमही कॉलेजपासून रंगच लावतो. कुणाची काही हरकत नव्हती. म्हटलं, बघू तर खरं, तुम्ही कुठवर ताणताय."

तरी कस्तुरबाई नमल्या नाहीत. हिचं औषधच नासकं, पोरीचं वाटोळं केलं, असं म्हणत त्या कौसरवर तुटून पडल्या. आवाज ऐकून शेजारच्या दुकानांतल्या बायका दाराशी जमल्या.

"तू सांग रिद्धी," नीलम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "कुणी केलं हे?"

कौसर केसांचा ओला पुंजका हातात घेऊन उभी होती. रिद्धीने टॉवेल डोक्याभोवती आवळला.

"कौसरताईंनी," ती म्हणाली.

नीलमने समाधानाने मान डोलावली. साखरपुड्याला ओढणी जरा जाड घ्या, असं कस्तुरबाईंना बजावून ती पायऱ्या उतरली.