खारट चहा आणि सह्यांचं चित्र

मी एक जुना प्रोजेक्टर आहे, मित्रांनो, आणि एके काळी माझ्या उजेडाला तोड नव्हती. मला आखातात, कतारमधल्या दोहा शहरात पहिल्यांदा पेटवलं त्या संध्याकाळी समुद्रातल्या दोन बोटींनी मला दीपस्तंभ समजून तोंडं वळवली. त्यातला एक कप्तान अजून माझ्याशी बोलत नाही. तुम्हाला ही थाप वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. पुढचं सगळं थाप असतं तर मलाच बरं वाटलं असतं.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याचं अंग, काचेचं भिंग, पोटात दिवा आणि त्याला वारा घालणारा इवलासा पंखा. सिनेमासारखी माझी चित्रं धावत नसत. फिल्मची एक पट्टी असे. कळ फिरवली की एक चित्र सरके आणि दुसरं भिंतीवर येई. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, तेव्हा दोह्यातल्या एका अमेरिकन इंजिनिअरने मला आपल्या मुलांसाठी मागवलं. सोबत एकच पट्टी होती: तो देश कसा जन्मला त्याची. मुलांनी आठवडाभर माझं कौतुक केलं. मग घरात रंगीत टीव्ही आला आणि मी फाटकाबाहेर कचऱ्याच्या डब्याशेजारी येऊन बसलो.

तिथून मला महिपतीने उचललं. माण तालुक्यातला हा गडी पाण्याचा टँकर चालवायचा. साहेबांच्या व्हिलांना गोडं पाणी आणि मेसईदच्या बांधकाम कॅम्पला विहिरीचं मचूळ पाणी, असा त्याचा रोजचा फेरा. तो त्याच कॅम्पात राहायचा, त्यामुळे तेच मचूळ पाणी तोही प्यायचा. इंग्रजी त्याला एक अक्षर येत नव्हतं, पण गोष्ट रंगवण्यात त्याने मलाही मागे टाकलं असतं.

दर शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, खिडकीला घोंगडी लागायची, भिंतीवर चादर ताणली जायची आणि खोलीत माणूस मावेनासा व्हायचा. शिडांचं जहाज आलं की महिपती म्हणायचा, "ही आपलीच बोट. मुंबईहून सुटली, वाट चुकली आणि अमेरिकेला लागली." मग पहिल्या हिवाळ्यातल्या थडग्यांचं चित्र यायचं. त्या जहाजातली निम्मी माणसं पहिल्याच थंडीत गेली होती. तिथे कुणी हसायचं नाही.

तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांचं एक चित्र होतं. शहाजी वेल्डरने विचारलं, "अण्णा, ही कोण?"

"ही व्हय?" महिपती म्हणाला. "आपल्यासारखीच, सप्लायवर, ठेकेदारानं धाडलेली."

मित्रांनो, ती माणसं आली नव्हती. त्यांना पकडून, विकून आणलं होतं. पण मला फक्त उजेड दिलेला आहे, आवाज नाही.

मग ते चित्र आलं, ज्याने घात केला. बंदरात उभं जहाज, आणि डोक्यात पिसं खोवलेली, तोंडं रंगवलेली माणसं चहाच्या पेट्या पाण्यात लोटतायत. खरं कारण असं होतं, की त्या चहावर दूरच्या सरकारने कर बसवला होता आणि त्या सरकारच्या सभेत ह्या लोकांचा एकही माणूस नव्हता. महिपतीला हे कुठून कळावं? तो म्हणाला, "चहा खारट झाला व्हता. मचूळ पाण्याचा चहा पाजला मालकानं. मग काय, दिला लोटून!"

खोलीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांचा स्वतःचा चहा रोज तसाच खारट असे.

"आणि तोंडं का रंगवलीत?" शहाजीने विचारलं.

"कुणी वळखू नये म्हणून."

"मग आपल्याला रंग तरी कशाला पाहिजे? आपली तोंडं वाळूपायी रोजच गुंडाळलेली!"

सगळे खदखदून हसले. एकटा फजल हसला नाही. तो मेसचा आचारी, रत्नागिरीकडचा. बहिणीचं, जाहिदाचं, लग्न ठरलं होतं आणि ते त्याच्याच जिवावर होतं. तो म्हणाला, "माझ्यासमोर नको ओतूस रे शहाजी. माझ्या हातचा चहा आहे तो."

"फजलभाई, तुमच्या हाताला कोण नाव ठेवतंय? पाणी गोडं पायजे, एवढंच."

दुसऱ्या सकाळी वाळूचा वारा सुटला होता. तोंडाला फडकी बांधलेल्या माणसांनी चहाची मोठाली पातेली कॅम्प बॉससमोर वाळूत उलटी केली आणि सगळे बसमध्ये चढून कामावर गेले. वाळूने चहा पिऊन टाकला, डागसुद्धा उरला नाही.

"किसने किया?" बॉस ओरडला. उघडं तोंड एकच होतं, फजलचं.

"पानी खारा है, साब," फजल म्हणाला.

"मतलब तूने सिखाया! जुम्मे तक नाम बता, नहीं तो खलास. घर जा."

आठवडाभर फजलने कुणाचं नाव घेतलं नाही, आणि कुणी स्वतःचं सांगितलं नाही. शुक्रवार आला. माणसं गोळा झाली. महिपतीने कळ फिरवली तसं पिसांच्या माणसांचं चित्र सरकलं, पुढचं आलं. मोठं दालन, टेबलावर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कागद, आणि एकेक जण पुढे होऊन आपल्या नावाची सही करतोय.

"हे काय करतायत, अण्णा?" फजलने विचारलं.

 ह्या चित्राची गोष्ट मी महिपतीच्या तोंडून पूर्वी ऐकली होती, त्यात लग्न होतं, वऱ्हाड होतं, मानपान होता. त्या दुपारी त्यातलं काही त्याच्या तोंडी येईना.

फजल चादरीजवळ गेला. "तोंडं उघडी आहेत की यांची," तो हळूच म्हणाला.

शहाजी जमिनीकडे बघत होता. महिपतीचा हात कळेवर होता, पण ती फिरत नव्हती. माझा पंखा घरघर करत राहिला. एकच चित्र दिव्यासमोर फार वेळ ठेवलं की ते तापतं. मधोमध, कागद होता तिथे, एक तपकिरी ठिपका उमटला, पसरला आणि त्याचं भोक झालं. सह्या करणारे हात एका जळक्या खड्ड्याभोवती उरले. खोलीभर वास सुटला.

"राहू द्या, अण्णा," फजल म्हणाला. "बंद करा मशीन."

शनिवारी त्याला विमानतळावर नेणारी गाडी आली. त्या सकाळी वारा अजिबात नव्हता. तरी बसच्या रांगेतलं एकेक तोंड फडक्यात गुंडाळलेलं होतं.

नवा आचारी आला. चहा खारटच राहिला. महिपतीने त्यानंतर मला पेटवलं नाही, आणि गोष्टीही सांगितल्या नाहीत. मी त्याच्या खाटेखाली वाळू खात पडलो. काही वर्षांनी कॅम्प मोडला, माणसं पांगली आणि मला भंगारात टाकलं. भिंगाला तडा गेला आहे, दिवा कधीच फुटला.

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याचं भिंग मऊ फडक्याने पुसत जा. अवघड चित्र आलं म्हणून घाईने कळ फिरवू नका. पण त्याच्यासमोर इतका वेळ गप्पही बसू नका, की तुमच्या डोळ्यांदेखत ते जळून जाईल. जळालेलं चित्र पुन्हा कुणाला दाखवता येत नाही.