दोन टेबलांमधली वीतभर जागा

आर्लीनला आज विचारायचंच होतं. गाडी चालवता चालवता तिनं वाक्य मनात कितीदा तरी घोकलं, "सलोमा, मला तुमच्यात घ्याल का?" आणि दर वेळी तिचं तिलाच हसू आलं. साठी उलटलेली बाई, आणि आता टोपी घालून घोडागाडीत बसणार म्हणे!

पण करणार काय? नवरा गेल्यापासून घर नुसतं खायला उठायचं. पोटासाठी म्हणा नाहीतर जीव रमवायला म्हणा, ती आमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना गाडीतून नेत-आणत असे. बाळंतपणाला, दातांच्या डॉक्टरकडे, मयताला. स्वतः गाडी ठेवायची नाही, दुसऱ्याच्या गाडीत मात्र खुशाल बसायचं. सुरुवातीला हा शुद्ध ढोंगीपणा वाटून तिनं सलोमा हर्शबर्गरला तोंडावर तसं सुनावलंही होतं. सलोमा हसली होती. "अगं, गाडी दारात उभी असली की माणसाचा पाय घरात ठरत नाही."

त्या दिवसापासून सलोमाच्या घरी आर्लीनची खुर्ची ठरून गेली. जो आमिश नाही तो त्यांच्या लेखी 'इंग्लिश', मग तो कुठलाही असो. तिलाही पोरंसोरं 'इंग्लिश आर्लीन' म्हणत. ते 'इंग्लिश' तेवढं गळून पडावं, एवढंच तिला हवं होतं.

आज शेजारच्या सीटवर सलोमाचा मुलगा होता, एनॉस. बाप्तिस्मा घेऊन, सगळ्यांसमोर शब्द देऊन, मग पठ्ठ्यानं ट्रक घेतला आणि पंथ सोडला. तेव्हापासून तो वाळीत होता. इतक्या वर्षांनी आज फक्त जेवायला घरी चालला होता. ट्रक मुद्दाम न आणता बसनं आला होता आणि थांब्यावरून त्याला घेऊन यायला सलोमानंच आर्लीनला सांगितलं होतं. त्याच्या मांडीवर कापडात गुंडाळलेला पाव होता.

"बेकरीत असतो मी आता," तो म्हणाला. "माझ्या हातचा आहे. आई खाईल ना हो?"

"न खायला काय झालं? आई आहे ती तुझी."

त्यानं पावावरचं कापड पुन्हा नीट गुंडाळलं.

घरी टेबलावर लांबलचक पांढरी चादर अंथरली होती. सलोमाच्या नवऱ्यानं, नोआनं, नुसती मान हलवून मुलाला बसायला सांगितलं. आर्लीन आपल्या नेहमीच्या जागेकडे वळली तर सलोमानं तिचा दंड धरला. "आज इथं बस, माझ्याजवळ." एका बाजूला सलोमा, दुसऱ्या बाजूला एनॉस. मायलेकांच्या अगदी मधोमध! आर्लीनचा ऊर भरून आला. ही आपल्याला घरचीच समजते, मग विचारायला कशाला भ्यायचं? जेवणं झाली की विचारून टाकू.

प्रार्थनेसाठी सगळ्यांनी डोळे मिटले. आर्लीननं कोपर टेकलं आणि चादर खाली खचली. तिनं बोटांनी चाचपून पाहिलं. खाली लाकूडच नव्हतं. दोन वेगळी टेबलं होती, मध्ये वीतभर फट, आणि वरून एकच चादर. पलीकडच्या टेबलावर एनॉस एकटा होता. बाहेरची बाई आईजवळ जेवते आणि पोटचा पोर वेगळ्या टेबलावर!

प्रार्थना संपली. एनॉसनं पाव कापडातून काढून आईपुढे धरला. सलोमाचे हात मांडीवरच राहिले. वाळीत टाकलेल्याच्या हातून काही घ्यायचं नाही, हे आर्लीननं ऐकलं होतं. पाहत आज होती. सगळ्यांच्या नजरा आपापल्या ताटात. पाव तसाच हवेत.

"आर्लीन," सलोमा हलकेच म्हणाली, "घे ना तो."

आर्लीननं घेतला आणि सलोमाला दिला. सलोमानं तो हिसकावल्यासारखा घेतला, सुरीची वाट न बघता तुकडा मोडला आणि खाल्ला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मीठ जास्त आहे," ती म्हणाली.

"बेकरीत कुणी तक्रार करत नाही."

"तोंडावर कोण करेल? बायको आण, ती करेल."

"आईचं ऐकलं नाही, बायकोचं काय ऐकतोय!" नोआ म्हणाला आणि सगळे हसले. मग बटाटे, लोणी, बिटाचं लोणचं, सगळं आर्लीनच्या हातून इकडून तिकडे गेलं. तिचं स्वतःचं ताट थंड झालं.

भांडी घासताना तिला राहवेना. "मला मध्ये बसवलंस ते एवढ्यासाठी?"

"हो," सलोमा म्हणाली. खोटं बोलणं तिला जमायचंच नाही. "तू आमच्यातली असतीस, तर तुलाही त्याच्या हातून घेता आलं नसतं. मग त्याच्या हातचा घास माझ्या तोंडात कसा गेला असता? देवानंच तुला बाहेरची ठेवलीय, आर्लीन."

आर्लीन एकच ताट पुन्हा पुन्हा पुसत राहिली. इतकं एकटं तिला नवऱ्याच्या मयतादिवशीही वाटलं नव्हतं.

"तू काहीतरी विचारणार होतीस ना?" सलोमानं विचारलं. "आल्यापासून चुळबूळ चाललीय तुझी."

"काही विशेष नाही गं." आर्लीननं ताट फळीवर ठेवलं. "एनॉस परत कधी येणारे, तेवढंच. त्या दिवशी दुसरं भाडं घेत नाही मी."