लाल ठिपक्याची कुपी

ईशानीने फ्रिज उघडला आणि मटकन जमिनीवर बसली.

"आजोबा, लाल ठिपक्याची कुपी कुठंय?"

मी रामघाटावरचा उपाध्याय. काशीला येणाऱ्या यजमानांना गेली पन्नास वर्षं विधी आणि थापा दोन्ही मनापासून पुरवत आलो. पण त्या सकाळी नातीचं तोंड बघून एकही थाप सुचेना.

"ती होय? मंगळवारी अमरावतीच्या विश्वजीतरावांना दिली, गंगा म्हणून. त्यांची रिक्षा दारात उभी, माझ्या भरलेल्या कुप्या संपलेल्या. तूच झाकणावर कुंकू लावून ठेवलं होतंस ना?"

"कुंकू नाही, मार्कर होता! आजोबा, त्यात शार्कच्या तोंडातले जिवाणू होते!"

मग सगळं बाहेर आलं. पोरगी इथे विद्यापीठात शिकते. उन्हाळ्यात रत्नागिरीच्या जेटीवर जाऊन तिने अठरा मुशींच्या, म्हणजे छोट्या शार्कच्या, जबड्यांत कापसाची काडी फिरवली होती. मुशी चावली की कोळ्याची जखम का चिघळते, तिला कोणतं औषध लागू पडतं, हे शोधायचं होतं. सतरा नमुन्यांत काही वाढलंच नाही. अठराव्यात वाढलं. विभागातला फ्रिज बिघडला म्हणून ती कुपी घरी आणली, आणि या घरात माशाचं नाव काढायची सोय नाही म्हणून गप्प राहिली. आतलं पाणी गढूळ. श्रावणातली गंगाही गढूळच. मी काय कपाळ ओळखणार?

"महिन्याअखेरीला सरांना दाखवायचं होतं," ती म्हणाली. "पण ते जाऊ दे. ते लोक पितील, आजोबा. किसी की जान जा सकती है."

मी घड्याळ पाहिलं. पावणेबारा. बाराला अमरावतीत मावंदं होतं. काशी करून आलेला माणूस गंगेची पूजा करतो, कुपी उघडतो आणि जेवणाआधी घरच्यांना तीर्थ देतो. पहिला मान विश्वजीतरावांच्या आईचा. गीताबाईंचं पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.

फोन तीनदा वाजून थांबला. चौथ्यांदा उचलला. मागे पाटांचा, वाट्यांचा आवाज.

"विश्वजीतराव, कुपी उघडू नका! त्यात शार्कच्या तोंडातले जंतू आहेत!"

"अरे, ऐका रे, गुरुजींचा फोन!" ते हसत ओरडले. "परवा यांचे पणजोबा मगरीवर बसून रामनगरला गेले होते, आज शार्क आला!"

पंगतच हसली.

"जानवं हातात धरून सांगतो!"

"मगरीच्या वेळीही धरलं होतंत."

ईशानीने फोन ओढला. "काका, सच में, मी खरं सांगतेय..."

"वा गुरुजी! नातही तयार केलीत!"

मी फोन परत घेतला. "सुतक आलं हो. माझी आत्या गेली. ते तीर्थ चालत नाही."

"आत्या? ती तर मागच्या खेपेला हिमालयात गुप्त झाली होती ना?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आई, पुढे या. हात करा."

आता काय उरलं होतं? डोळे मिटले आणि बोललो,

"ती गंगा नाहीच. गुडघे दुखतात, घाट उतरवत नाही. घरच्या नळाचं पाणी भरून दिलं."

हसू थांबलं. शपथ कुणी मागितली नाही. पुरावा कुणी विचारला नाही.

"आई, थांब. हात मागे घे." मग मला, हळू आवाजात, "पाच पिढ्या येतोय आम्ही तुमच्याकडे. माझ्या आईला नळाचं पाणी?"

"झाकण उघडलं का?"

"उघडणारच होतो!"

ईशानी माझी बाही ओढत होती. मी म्हटलं, "फेकू नका."

"फेकतो कशाला? आहे तशी बंद आणून अख्ख्या रामघाटाला दाखवीन, हा तुमचा गुरुजी!"

"दाखवा, जरूर दाखवा. फक्त तोवर फ्रिजमध्ये ठेवा. आणि आणताना बर्फात आणा."

फोन आपटला.

ईशानीने माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि मोठ्याने रडली. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं, माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, ते नळाचं... खोटंच होतं ना? बाकीच्या कुप्यांत गंगाच असते ना?"

मी तेलाची वाटी पुढे ओढली आणि गुडघा चोळायला घेतला.