डाव्या खांद्यामागचे वडील

काचीगुड्यात स्टेशनमागच्या गल्लीत रविवारी सकाळी चपलांचा ढीग दिसला की समजावं, मागोबा महाराजांच्या मठात पितर उतरले. तेलंगणा वेगळा होऊन दोनेक महिने झाले होते. कोणत्या कर्मचाऱ्याला कोणतं राज्य हवं, याचे फॉर्म सरकारी कचेऱ्यांतून निघाले होते. जिवंत साहेबांना काही सांगता येत नव्हतं, म्हणून लोक मेलेल्या वडिलांना विचारायला येत.

सचिवालयातली वासंती त्यांतलीच. फॉर्म उद्या द्यायचा होता. शेजारचे भगवंतराव, नारायणगुड्याच्या शाळेतले निवृत्त विज्ञानशिक्षक, सोबत आले होते. चमत्कार त्यांना पटत नसत. पण आपल्याला पटत नाही म्हणजे ते खोटंच, असं म्हणायचाही त्यांना धीर होत नसे.

समोर टीव्ही आणि दोन बाजूंना दोन उभे स्पीकर. त्यातून भजन वाजलं, थांबलं. महाराजांनी हात वर केला.

"पितरांचं सगळं अपसव्य. जानवं उजव्या खांद्यावर, म्हणून पितरही उजव्या खांद्यामागे. मागे वळून बघाल, तर सात पिढ्या मुक्या निपजतील."

सगळ्यांनी डोळे मिटले. मागून घोगरा आवाज आला. मठात येणाऱ्या झाडून सगळ्या वडिलांना तीच सर्दी असे.

"वासंती, अगं, मी तुझे बाबा. हैदराबाद सोड. आंध्राचं लिही. बरकतपुऱ्याचं घर मठाला वाहा. माझा जीव अडकलाय गं त्यात."

"लिहिते, बाबा," वासंती रडत म्हणाली आणि पर्समधून फॉर्म काढू लागली.

भगवंतराव अस्वस्थ झाले. वासंतीचे वडील मधुकरराव वकील लेकीला 'बेटा' म्हणायचे आणि नकोला 'नक्को'. मेल्यावर माणसाची मराठी इतकी सुधारते? शिवाय आवाज डावीकडून आला होता. पण आपलाच कान बिघडला असेल, म्हणून त्यांनी शेजारी बसलेल्या सुशीलाबाईंना हळूच विचारलं, "तुम्हाला कुठून ऐकू आलं?"

"डावीकडून. माझे सासरेही डावीकडूनच येतात. जिवंतपणीही सांगावं त्याच्या उलटच करायचे."

"मास्तर, काही शंका?" महाराजांनी विचारलं.

"नाही... म्हणजे, हौ. तुम्ही अपसव्य म्हणालात. हे सव्यातून, डावीकडून बोलतायत."

"मुलीसाठी आलेत ना. वामांगी येणारच."

"वामांगी बायको असते," सुशीलाबाई म्हणाल्या. दोघं-चौघं हसले.

"वासंती, उशीर करू नकोस," आवाज घाईनं म्हणाला.

भगवंतरावांनी मागे वळून पाहिलं. भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी होत्या. ज्या कोपऱ्यातून आवाज येत होता, तिथल्या तसबिरीवरचा झेंडूचा हार शब्दागणिक थरथरत होता. 'माफ करा, माफ करा' म्हणत, लोकांच्या मांड्या ओलांडत ते तिथे गेले आणि त्यांनी तसबीर उतरवली. मागे मुठीएवढा स्पीकर होता. त्यावर लिहिलं होतं, 'उजवा'.

"होम थिएटरला मागचे दोन स्पीकर जोडतात, त्यातला हा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बसवणारा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला असणार. त्याची उजवी ती तुमची डावी."

वायर सतरंजीखालून आतल्या खोलीत जात होती. सुशीलाबाईंनी पडदा सारला. आत उमाजी माइक धरून बसला होता. आल्या-गेल्याला चहा देताना 'तुमचे वडील कशानं गेले हो' असं मायेनं विचारणारा उमाजी. मधल्या गोंधळात महाराज मागच्या दारानं निघून गेले.

वासंती जागची हलली नव्हती. "काका, मग माझे बाबा?"

"ते गेले, बेटा. सहा वर्षं झाली. मी खांदा दिला होता."

तिनं फॉर्म त्यांच्यापुढे धरला. "आता हे कुणाला विचारू?"

"मला नक्की सांगता येणार नाही. नियम आणू, वाचू. आईला विचार, ऑफिसात विचार. मलाही विचार, पण मी चुकेन, तेव्हा उलटून विचार. ज्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, त्याच्या शब्दावर कुणी घर सोडू नये."

"काका, फॉर्म उद्याच द्यायचाय."

"मग अख्खा दिवस आहे की आपल्याकडे. चल."