पितळी बूच

होडीची जागा पाण्यात, अशी बापूरावांची साठ वर्षांची समजूत. ही होडी मात्र कात्रजला पत्र्याच्या शेडमध्ये, दोन चाकांच्या ट्रेलरवर, ताडपत्री पांघरून सुखात झोपली होती. त्यांची मुलगी अक्षता हिच्या ऑफिसातले साहेब, रोहन, अमेरिका सोडून पुण्याच्या आयटी कंपनीत आले, तेव्हा घरसामानाच्या कंटेनरबरोबर हीही आली. बास नावाचा मासा धरायची खास होडी. तो मासा आपल्या धरणांत नाही, हे बापूरावांना दुसऱ्याच दिवशी कळलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, कारण होडीच्या मागे दीडशे घोड्यांचं इंजिन होतं.

इंजिन म्हटलं की बापूराव विरघळायचे. पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी इंजिनं जुळवली. मग नवी यंत्रं आली, कॉम्प्युटर आले, आणि स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर स्वेच्छा सोडून बाकी सगळ्या कारणांनी त्यांनी सही केली. त्यानंतरची पाच वर्षं कसबा पेठेतल्या दोन खोल्यांत ते शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करत होते. त्यांच्या पत्नी ललिताबाई म्हणायच्या, "बिघडलेले संपले, आता चांगले उघडायला लागलेत."

रोहनने महिनाभरासाठी होडी त्यांच्या हवाली केली होती. दसऱ्याला ती इथल्या पाण्यात पहिल्यांदा उतरायची. सगळं नीट पार पडलं तर देखभालीचं काम कायमचं बापूरावांचं, नाहीतर मुंबईहून सर्व्हिसवाला यायचा. बापूरावांना हे काम हवं होतं. पगाराचं त्यांना फारसं नव्हतं. सकाळी डबा घेऊन कुठेतरी जायचं होतं.

महिनाभर त्यांनी प्रश्न विचारून रोहनला भंडावून सोडलं. इंजिन कोरडं का चालवायचं नाही? आतली रबरी पंखी पाण्यावाचून जळते म्हणून. नळाची नळी जोडायची, आणि इंजिनातून पाण्याची धार पडताना दिसली तरच चालू ठेवायचं. गिअरचं तेल दुधट दिसलं तर? आत पाणी शिरलं, सील बदला. ट्रेलरच्या चाकांना सारखं ग्रीस कशाला? होडी उतरवताना तीही पाण्यात जातात. आणि होडीत ही टाकी कसली?

"मासे जिवंत ठेवायला, काका. वजन करून परत सोडून देतात."

हे ऐकून ललिताबाई म्हणाल्या, "म्हणजे पोहे खाऊन 'नंतर कळवतो' म्हणायचं."

बापूरावांचा सगळ्यात जास्त जीव जडला तो एका भोकावर. होडीच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी अंगठ्याएवढं भोक होतं आणि त्याला पितळी बूच. शेडमध्ये असताना बूच काढायचं, म्हणजे आत साचलेलं पाणी निथळतं. पाण्यात उतरण्याआधी आठवणीने बसवायचं. हरवू नये म्हणून बापूराव ते खिशात बाळगत.

"साहेब, होडी जोरात निघाली, नाक वर आलं, तर आतलं पाणी या भोकातून आपोआपच बाहेर जाईल ना?"

"असं करून बघायची वेळ कधी आली नाही, काका," रोहन हसून म्हणाला.

खंडेनवमीला बापूरावांनी दरवर्षीप्रमाणे पाटावर हत्यारं मांडली. पाने, पक्कड, हातोडी. यंदा मधोमध बूच, चिंच लावून लखलखीत घासलेलं.

"हा कोणता नवा देव?" ललिताबाईंनी विचारलं, पण हळदकुंकू लावलं, झेंडूही वाहिला. पूजलेली हत्यारं दसऱ्याची आरती होईपर्यंत हलवायची नाहीत, ही त्यांच्या घरची रीत.

दसऱ्याला सकाळी सहाला बापूराव हात हलवत निघाले. हत्यारं देवापुढे होती, म्हणून रोहनचीच पेटी वापरली. तेल पाहिलं, बॅटरी पाहिली, चाकं पाहिली. धरणाच्या काठावर अक्षताने गाडी मागे घेतली आणि होडी ट्रेलरवरून अलगद पाण्यात सरकली. रोहन सुकाणूच्या चाकाशी बसला, बापूराव मागे. इंजिनातून पाण्याची धार छान पडत होती. ती बघताना त्यांना कारखान्यातला पहिला दिवस आठवला.

काठ बराच मागे पडला तेव्हा होडीचं बूड जरा जास्तच खाली गेल्यासारखं वाटलं. त्यांनी मागचं झाकण उचललं. बॅटरीच्या बुडाला पाणी लागलं होतं. त्यांनी खिशात हात घातला. झेंडूची एक पाकळी हाताला लागली.

सील गेलं, असं म्हणता आलं असतं. ते मनात आलंही, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"साहेब, बूच घरी राहिलं. चूक माझी. आता जोरात पळवा!"

"काका, पाणी भरतंय, पळवू कुठे?"

"थांबलो तर बुडू. पळवा म्हणतो ना!"

रोहनने इंजिन पूर्ण वेगात सोडलं. होडीने नाक उचललं आणि ती सुसाट निघाली. बापूराव बाकाला घट्ट धरून झाकणाखाली वाकले. डोळे भोकावरून हलेनात. पाणी बॅटरीपासून उतरलं, मग तळ दिसू लागला.

"निघतंय! साहेब, खरंच निघतंय!" ते लहान पोरासारखे ओरडले.

काठाजवळून खूण केल्यावर अक्षताने ट्रेलर पाण्यात घालेपर्यंत त्यांनी चकरा मारल्या आणि होडी थेट ट्रेलरवर चढवली.

"बूच आहे कुठे?" रोहनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"देवापुढे. काल पूजा केली होती." बापूरावांनी शेडची चावी काढून बाकावर ठेवली. अक्षता जमिनीकडे बघत राहिली.

रोहन म्हणाला, "काल मुंबईवाल्याला फोनवर विचारलं, होडीत पाणी शिरलं तर काय कराल? म्हणाला, तुम्हाला फोन करीन." त्याने चावी उचलून बापूरावांच्या हातात दिली. "बुचं दोन ठेवू, काका. एक होडीला, एक देवाला."

बापूराव घरी पोचले तेव्हा आरती नुकतीच झाली होती. ललिताबाईंनी बुचावरचं कुंकू पुसून ते त्यांच्या हातावर ठेवलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

"उद्यापासून डबा लागेल," ते एवढंच म्हणाले.

ललिताबाईंनी पदराने डोळे टिपले, माळ्यावरून कारखान्याचा जुना डबा उतरवला आणि घासायला घेतला.