पंधरा मिनिटांच्या चिठ्ठ्या

आखातातल्या मीना सलमान बंदरावरच्या गोदामातला माल शहरात नईम भागातल्या ऑफिसातही दिसावा म्हणून १९९७ साली मी एक प्रोग्राम लिहिला. दर पंधरा मिनिटांनी तो आपणहून जागा व्हायचा, गोदामातल्या नव्या नोंदी ऑफिसच्या सर्व्हरवर उतरवायचा आणि उतरवलेल्या नोंदींवर खूण करायचा.

गोदामात नोंदी करायचे लतीफभाई. खेडकडचे, पन्नाशी ओलांडलेले, बावीस वर्षं इथे. मार्चपासून त्यांच्या नोंदी गायब होऊ लागल्या. जहाजावर चढवलेला माल सर्व्हरवर गोदामातच दिसायचा, आणि तोच दुसऱ्या जहाजाला कबूल केला जायचा. दोनदा असं झाल्यावर मॅनेजर आल्बर्ट यांनी बजावलं की तिसऱ्या वेळी लतीफचा व्हिसा कॅन्सल. कागदी रजिस्टर त्यांनीच बंद करवलं होतं, त्यामुळे लतीफभाईंकडे दाखवायला काही नव्हतं.

तिसऱ्यांदा झालं त्याच सकाळी ते माझ्याकडे आले. सिगारेटच्या पाकिटांच्या पुठ्ठ्यावर लिहिलेल्या एकोणीस चिठ्ठ्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. प्रत्येकीवर मालाचं नाव आणि वेळ.

"मी एंट्री केलेली, नुसरतबाय. मग इंग्लिशमध्ये कायतरी येतं नि एंट्री जाते. तुझं मशीन खातं. आल्बर्टला तू सांग, तुझं ऐकेल तो."

सगळ्या वेळा पंधरा मिनिटांच्या ठोक्यावरच्या होत्या. चूक माझी होती. लतीफभाईंची नोंद आधी मालाचा तक्ता अडवायची, म्हणजे काम होईपर्यंत दुसऱ्या कुणाला त्यात लिहू द्यायची नाही, मग जहाजाचा. माझा प्रोग्राम आधी जहाजाचा, मग मालाचा. दोघं एकाच क्षणी आले की एकेक तक्ता धरून दुसऱ्याची वाट बघत अडकायचे. अशा वेळी ज्याचं काम कमी झालेलं असतं त्याला कॉम्प्युटर बाहेर काढतो आणि त्याची नोंद पुसली जाते. माझ्या प्रोग्रामच्या शेकडो नोंदी, लतीफभाईंची एक.

दोघांनी एकाच क्रमाने तक्ते धरायचे, एवढाच इलाज. चार ओळी. दुपारी त्या बदलून मी आल्बर्ट यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांच्यासमोर व्हिसा नूतनीकरणाचे अर्ज होते. वरून दुसरा माझा.

"तुझ्या प्रोग्राममध्ये काही प्रॉब्लेम होता का?"

"नाही," मी म्हणाले. "वेग थोडा वाढवलाय."

त्यांनी अर्जावर सही केली.

दहा दिवसांनी व्हिसा रद्द होऊन लतीफभाई गावी परत गेले. त्यांच्या जागी आलेल्या मुनाफची एकही नोंद हरवली नाही. महिन्याच्या मीटिंगमध्ये आल्बर्ट यांनी आलेख दाखवला. लतीफ असेपर्यंतच्या चुका, आणि नंतर शून्य. "माणूस बदलला, प्रॉब्लेम खलास." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

जाण्यापूर्वी विमानतळावरून लतीफभाईंचा फोन आला होता.

"काय सापडलं काय, बाय?"

"अजून बघतेय," मी म्हटलं.

"बघ हां. चिठ्ठ्या टाकू नकोस."

टाकलेल्या नाहीत. सव्वानऊ. साडेनऊ. पावणेदहा.